ते ‘येऊ द्या’ म्हणाले

मोताळ्यात लग्न कोणाचंही असलं, तरी नवरदेवाच्या गाडीची किल्ली उकंडरावांच्या हातात जायची. गाडी मामाची असो, भाड्याची असो, नाहीतर नवरदेवाच्या शहाण्या मित्राने पुण्याहून आणलेली असो. वरातीच्या आधी घरातलं एक माणूस त्यांच्या दारात जाई, किल्ली पुढे करी आणि म्हणे, "काका, आपला नवरदेव हाये, सांभाळून न्या." उकंडराव किल्ली कपाळाला लावत, चपला काढत आणि गाडीला एक चक्कर मारत. बघणाऱ्याला वाटे, काय भक्ती आहे! भक्ती वगैरे काही नव्हती. चाकाखाली कुत्रं झोपलंय का, एखादं पोर लपलंय का, ते बघत असत.

एसटीत त्यांनी एकतीस वर्षं गाडी चालवली. त्या एकतीस वर्षांत माणूस तर सोडाच, त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा दगावली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला निवृत्तीनंतरही त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर असे. सदरा धुवायला गेला की बिल्ला दुसऱ्या सदऱ्यावर जाई. वच्छलाबाई म्हणत, "यायले सदरा नसला तं चालीन, बिल्ला पाह्यजे."

मूळचे ते रोहिणखेडचे. आधीची दोन लेकरं वाचली नाहीत, म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत दिलं. मरणाची नजर चुकवायची आपल्याकडची ही जुनी युक्ती. म्हणून नाव उकंडा. युक्ती चांगलीच लागू पडली म्हणायची, कारण मरण पुढे त्यांच्या गाडीकडेही फिरकलं नाही.

आता माझं सांगतो. मी लक्ष्मीकांत, इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. गती, जडत्व, घर्षण हे सगळं मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढत आलोय. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा मला वाटलं, आपल्याला फक्त सराव हवा, समज तर आहेच. फळ्यावर म्हैस आडवी येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"शिकवणारा चांगला बघा," सुलभा म्हणाली. सुलभा म्हणजे माझी बायको. तिला माझ्या बुद्धीबद्दल शंका नाही, हातापायांबद्दल आहे. म्हणून मी उकंडरावांकडे गेलो. ते म्हणाले, "शिकवतो, सर. पन माझी एक अट हाये. वाचलो असं झालं, का गाडी बाजूले घ्याची. उतराचं. पानी प्याचं. आन आपली चूक काय झाली ते मोठ्यानं बोलाचं."

"आणि समोरच्याची चूक असली तर?"

"ते तो शोधीन नं त्याच्या घरी. आपन कायले त्याची उसनवारी कराची?"

मी मनातल्या मनात हसलो. चूक व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे? पहिल्याच आठवड्यात मी चार वेळा पाणी प्यायलो.

पहिल्यांदा म्हैस होती. रोहिणखेडच्या रस्त्याला ती सरळ चालली होती, मीही सरळ चाललो होतो, आणि ऐन वेळी दोघांनाही एकाच बाजूला वळायची बुद्धी झाली. गाडी बोरीच्या झुडपात जाऊन थांबली. उकंडरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घोट घेऊन मोठ्याने म्हणालो, "म्हशीने इशारा न देता वळण घेतलं."

"बरं. आन तुमची?"

"माझी… म्हणजे, मी हॉर्न दिला होता."

"म्हशीले देल्ला होता का बोरीले?"

दुसऱ्या वेळी सूर्य डोळ्यांवर आला, ती सूर्याची चूक. तिसऱ्या वेळी गतिरोधकाला पट्टे मारलेले नव्हते. चौथ्या वेळी मी पेट्रोल पंपावर हवा भरायच्या मशीनला हलकेच टेकलो आणि मशीन भलत्याच जागी ठेवल्याबद्दल तिथल्या माणसाला दहा मिनिटं ऐकवलं. ते मशीन सिमेंटच्या ओट्यात पक्कं बसवलेलं होतं. घरी आल्यावर हे सगळं सुलभाला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

उकंडराव मात्र कधी वैतागले नाहीत. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. राजूर घाटात मी वळणावर ट्रकच्या पुढे जायला निघालो, तेव्हासुद्धा त्यांनी फक्त स्टिअरिंगवर एक हात ठेवला आणि गाडी मागे घ्यायला लावली. समोरून एसटी सणसणत खाली गेली. घाट चढून वर आल्यावर गाडी बाजूला घेतली, पाणी झालं. मला वाटलं, आता हा माणूस खाली उतरून घरी चालत जाईल.

ते कठड्यावर बसले आणि त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. याच घाटात त्यांची बस एकदा दरीच्या कठड्याला घासून थांबली होती. आत चोपन्न माणसं, निम्मी लग्नाची. समोरून बिनलाइटची ट्रॉली आली होती. सगळे वाचले. लोकांनी खाली उतरून उकंडरावांना शेला पांघरला, नारळ फोडला, बायांनी कुंकू लावलं, म्हणाल्या, देवासारखे धावले.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? मले ठावं होतं नं, सर. लग्नाची मानसं मागं गानं म्हनत होती, मी बी गुनगुनून राह्यलो होतो. गाडी पाह्यजे त्याहून जोरात होती. लोकायनं नारळ फोडला, मले वाटलं, नारळाच्या जागी माझं टाळकं पाह्यजे होतं." जरा थांबून ते म्हणाले, "तवापासून गाडीत गानं नाही. ‘तुम्ही वाचवलं’ असं कोनी म्हटलं नं, तं जास्त भ्या."

हे मी डोकं हलवून ऐकलं. अशा गोष्टी मला फार आवडतात. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी ती रंगवून सांगितली आणि वर ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर एक तास घेतला.

आता त्या रविवारचं. हे सांगताना माझी जीभ अजून अडखळते, पण सांगायलाच बसलोय.

आमच्या बोळात गाडी उलटी आत घ्यावी लागते. फाटक अरुंद, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला शेखरच्या मोबाइलच्या दुकानाची पायरी. सकाळची वेळ. मी स्टिअरिंगवर, उकंडराव मागे उभे, आणि उलटी गाडी घेताना मागचा माणूस जे म्हणतो तेच ते म्हणत होते, "येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं… येऊ द्या…" शेखर पायरीवर बसून गंमत बघत होता. बघणारा असला की माझी मान जरा ताठ होते. मी एक हात खिडकीबाहेर काढला होता, मुरलेल्या ड्रायव्हरसारखा.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन तानाबाई बोळात शिरली. ती रोज भाजी घेऊन येते, आमच्या दारात बसून वांग्याचा भाव पाडू देत नाही. उकंडराव म्हणाले, "थांबा! तानाबाईले येऊ द्या."

मला ऐकू आलं. ‘थांबा’ ऐकू आलं, ‘तानाबाई’ ऐकू आलं, ‘येऊ द्या’ ऐकू आलं. सगळं स्वच्छ ऐकू आलं. पायाला ब्रेक हवा होता. पायाने रेस दाबली.

गाडीने मागे उडी मारली. टोपली उडाली, वांगी नालीत गेली आणि तानाबाई हातावर पडली. मनगटातून कट्कन आवाज आला, तो मी काचा वर असत्या तरी ऐकला असता.

बोळ क्षणात भरला. मी उतरलो. कोणीतरी विचारलं, "काय झालं, सर?" आणि माझं तोंड माझ्याआधी बोलून गेलं, "ते ‘येऊ द्या’ म्हणाले."

चारच शब्द. एकही खोटा नाही. व्याकरणात चूक नाही. शेखर पायरीवरून म्हणाला, "हाव, मी बी आयकलं. येऊ द्याच म्हटलं काकानं."

 उकंडरावांनी तानाबाईला उचललं, माझ्या हातातून किल्ली घेतली, तिला माझ्याच गाडीत बसवलं आणि बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. मी शेजारी बसलो होतो, सामानासारखा. घाटात एकदाही गचका बसला नाही. तानाबाई कण्हत होती, "बापा, बापा," आणि ते सारखं म्हणत होते, "झालं माय, आलोच." परत आल्यावर, हाताला प्लास्टर घातलेल्या तानाबाईला घरी सोडून, त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"सर," ते म्हणाले, "मी येऊ द्या, येऊ द्या करून राह्यलो होतो. सवयीनं तेच निंगालं असीन तोंडातून. माझी चूक."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, होतं असं." म्हणजे मी त्यांना माफ केलं!

तानाबाईच्या औषधपाण्याचं मी बघितलं, रोज तिच्या घरी फळं नेली. गावात माझं नाव झालं. चूक दुसऱ्याची आणि झीज सर सोसतात. शाळेत मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. मला दोन-चार दिवस ते आवडलंही, हेही लिहून ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकून फिरत होतो, आणि मुठीत दुसऱ्याची अब्रू होती.

मग लग्नसराई आली. रोहिणखेडला लग्न होतं, उकंडरावांच्या स्वतःच्या गावी, त्यांच्याच भावकीत. नवरदेवाची गाडी कोणी भलताच माणूस चालवत गेला. मी वरात आमच्या चौकातून जाताना बघितली. रंगरावच्या हॉटेलात लोक म्हणत होते, "आता वय झालं त्यायचं. कान गेले का तोंड सुटलं, देव जाने. बाईले चिरडलं असतं."

मी चहाचे पैसे देऊन उठलो.

तरीही मी उकंडरावांकडे गेलो नाही. रोज ठरवी, उद्या जाऊ. ते आमच्या घरी यायचे थांबले होते, त्यामुळे समोर येण्याची भीती नव्हती. दुरून दिसले तर मी गल्ली बदलत असे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. त्यांच्या सदऱ्यावर बिल्ला नाही, हे मला दुरूनही दिसलं होतं.

खरं काय ते सुलभाने आणलं. ती हळदीकुंकवाला वच्छलाबाईंकडे जाऊन आली आणि पिशवीही न ठेवता म्हणाली, "त्या माणसाने डोळे तपासले, कान तपासले. दोन्ही ठीक आहेत. लायसन पेटीत टाकलंय. रोज सकाळी उठून बायकोला विचारतात, ‘मी थांबा म्हटलं होतं का नव्हतं?’ तिला काय माहीत बिचारीला, ती तिथे होती का? म्हणतात, ‘मले आठवते म्हटल्यासारखं, पन सर येवढे शिकलेले, शेखर बी म्हनते, दोघं कशे चुकतीन? माझंच डोकं गेलं.’ रस्ता ओलांडायचा तरी पाच मिनिटं उभे राहतात."

मी खाली बसलो. मी समजत होतो, त्यांचं नाव गेलं. नाव गेलं ते एक वेळ परत मिळवता येतं. या माणसाला स्वतःच्या जिभेवर, कानावर, आठवणीवर विश्वास उरला नव्हता, आणि तो मी खाल्ला होता. दुसऱ्याची चूक धरायची नाही, आधी आपली बघायची, हा त्यांचा जन्माचा नेम. तो पाळून ते न केलेली चूक शोधत बसले होते.

"सुलभा," मी म्हणालो, "ब्रेक नाही, रेस दाबली मी. ते थांबा म्हणाले होते."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ठाऊक? कसं?"

"मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बोलणं नाही ऐकू आलं, पण गाडीने उडी मारली ती पाहिली. ब्रेक दाबल्यावर गाडी उडी मारत नाही. एवढं विज्ञान मलाही येतं." मग तिचा आवाज बदलला. "मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल. आता बघवत नाही."

मी तडक निघालो आणि कुठे गेलो असेन? रंगरावच्या हॉटेलात. माझी अक्कल अशी. उकंडरावांच्या तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून आधी गावाला सांगून मोकळं व्हावं म्हटलं. चारचौघांत उभा राहिलो, घसा साफ केला आणि बोललो, "त्या दिवशी चूक माझी होती. उकंडराव थांबा म्हणाले होते. मीच रेस दाबली."

मग रंगराव गहिवरला. "पाह्य बे, याले म्हनतात मानूस! म्हाताऱ्याची अब्रू वाचवाले आपल्या अंगावर घेऊन राह्यले सर."

"अरे, अंगावर घेत नाही, होतीच माझी!"

"हाव सर, हाव. समजलं आमाले." शेखरने माझा चहा सांगितला. "आमी बी कोनाले काही म्हननार नाही."

मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. जितका ओरडलो तितका मोठ्या मनाचा ठरलो. आयुष्यात पहिल्यांदा आपली चूक मोठ्याने बोललो आणि त्याचा शेला माझ्याच खांद्यावर आला. चहा तसाच ठेवून मी बाहेर पडलो. आता एकच घर उरलं होतं.

उकंडराव ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. अंगात बिनबिल्ल्याचा सदरा. मला बघून त्यांनी घाईघाईने सतरंजी झटकली. "या सर, बसा. तानाबाईचा हात कसा हाये?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले, रंगरावसारखेच, फक्त थकल्यासारखे.

"तुम्ही मोठ्या मनाचे, सर. पन असं नका करू. मानसाले आपली चूक आपन घेऊ द्यावी."

"मी मोठ्या मनाचा नाही हो! भित्रा आहे मी. खोटारडा आहे."

"राहू द्या."

ते पुन्हा शेंगा सोलू लागले. मला रडू यायला लागलं. कसं पटवू या माणसाला? शेखरने ‘येऊ द्या’ ऐकलं होतं, ते खोटं नव्हतंच. मी डोळे मिटून तो बोळ समोर आणला. मग म्हणालो, "उकंडराव, तुम्ही नुसतं थांबा नाही म्हणालात. तुम्ही म्हणालात, ‘थांबा! तानाबाईले येऊ द्या.’ तिचं नाव घेतलंत. आधी थांबा, मग तिचं नाव, मग येऊ द्या. हे मी कोणाला सांगितलं नाही. मी ऐकलं नसतं, तर मला कुठून कळलं असतं?"

त्यांचा हात शेंगेवर थांबला.

"नाव?" ते म्हणाले.

"नाव. तानाबाईले."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते वाक्य जुळवून बघत असावेत. "मले वाटे मी नाव घेतलं," ते हळू म्हणाले. "पन कोनीच नावाचं म्हने ना. मंग म्या म्हटलं, नाव मनातच घेतलं असीन, थांबा बी मनातच म्हटलं असीन." मग एकदम पुढे झुकून त्यांनी विचारलं, "थांबा जोरात म्हटलं होतं का हळू?"

"जोरात."

"तुम्हाले आयकू आलं होतं?"

"स्पष्ट आलं होतं."

"ती पडाच्या आधी?"

"आधी, उकंडराव. पुष्कळ आधी. ब्रेक दाबायला वेळ होता."

मला वाटलं, आता शिव्या देतील. मी मान खाली घालून वाट बघितली. त्या मला हव्या होत्या. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. मांडीवरची शेंगांची परात तशीच लवंडून ते उठले, तुरीचे दाणे ओसरीभर झाले, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत ते स्वयंपाकघराकडे धावले.

"वच्छले," आतून त्यांचा चढलेला आवाज आला, "अवं वच्छले, आयकलं काय? मी थांबा म्हटलं होतं!"